गाडीची जुनी बॅटरी दुकानात द्यायची की भंगारवाल्याला? आणि घरातल्या बाकीच्या बॅटऱ्यांचं काय?

माहीमकर:
गाडीची बॅटरी गेली, लहान गाडी आहे, ३५ ॲम्पिअरची बॅटरी लागते. दुकानात दोन भाव सांगितले, जुनी दिली तर एक आणि जुनी न देता एक, आणि बिल्डिंगमध्ये दर रविवारी येणारा भंगारवाला म्हणतो, साहेब दुकानात देऊ नका, मी जास्त देतो आणि रोख देतो. जास्त म्हणजे थोडं नाही, बऱ्यापैकी जास्त. आता पैसे कोणाला नको असतात, पण मला खरंच समजून घ्यायचंय की एकच मेलेली बॅटरी, मग हा माणूस जास्त कसा देऊ शकतो? ती पुढे जाते कुठे?

दुसरं म्हणजे घरात एक खोका भरलाय. जुन्या मोबाईलच्या बॅटऱ्या (त्यातली एक फुगलेली), पॉवर बँक, डास मारायची रॅकेट, इमर्जन्सी लाईट, ट्रिमर, मुलाच्या रिमोटच्या गाडीची बॅटरी. हे सुक्या कचऱ्यात टाकायचं नाही एवढं माहिती आहे, पण मग टाकायचं कुठे हे कोणीच नीट सांगत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज.

गॅरेजवाला_साकीनाका:
माहीमकर, धंद्यातला माणूस आहे म्हणून आतलं सांगतो. आमच्याकडे जुनीचा भाव ॲम्पिअरवर ठरतो आणि भंगारात किलोवर, म्हणून तुम्हाला दोन आकडे वेगळे दिसतात. तुमची ३५ ॲम्पिअरची बॅटरी साधारण नऊ-दहा किलो भरते, त्यात निम्म्याहून जास्त वजन शिशाचं. शिसं काही वाया जात नाही, कितीदाही वितळवा पुन्हा तेच शिसं, म्हणून मेलेल्या बॅटरीलाही गिऱ्हाईक कायम असतं.

आता तो जास्त कसा देतो, तर त्याच्या पुढच्या माणसाला खर्चच नाही. बॅटरी फोडायची, आतलं ॲसिड गटारात ओतायचं, प्लेटा काढायच्या आणि शहराबाहेर कुठेतरी उघड्या भट्टीवर पाठवायच्या. ना फिल्टर, ना ॲसिडची ट्रीटमेंट, ना कामगाराला मास्क, ना बिल. नोंदणी असलेल्या कारखान्याला हे सगळं करावं लागतं, ते पैसे त्याच्या खरेदीच्या भावातून कापले जातात. तुम्हाला मिळणारे जास्तीचे पैसे हे त्या न केलेल्या खर्चाचे आहेत, दुसरीकडून कुठून येत नाहीत ते.

आणि एक, दुकानात दिली म्हणजे आपोआप योग्य ठिकाणी गेली असं समजू नका. काही दुकानदार जुन्या बॅटऱ्या साठवतात आणि जास्त भाव देईल त्याला विकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कंपनीच्या अधिकृत डीलरकडे द्या, पक्कं बिल घ्या आणि त्या बिलात जुनीची वजावट वेगळी लिहून घ्या. जुनी परत कंपनीकडे जाते का असं सरळ विचारा. जो पाठवतो तो सांगतो, जो पाठवत नाही तो विषय बदलतो.

तळोजा_शिफ्ट:
मी केमिकलवाला, बॅटरीच्या कारखान्यात नाही पण नोकरीच्या सुरुवातीला शिशाच्या प्लांटवर काम केलंय, त्यामुळे आत काय होतं ते लिहितो, जरा लांबेल.

गाडीच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २ व्होल्ट, म्हणून १२ व्होल्ट. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या जाळ्या, त्यावर शिशाच्या संयुगांचा लेप आणि मध्ये पातळ सल्फ्युरिक ॲसिड. बॅटरी मरते तेव्हा त्या लेपाचं बरंचसं लेड सल्फेट झालेलं असतं आणि ते कडक होऊन बसतं, चार्ज घेत नाही. ही रचना मुळात १८५९ सालची, फ्रान्सच्या प्लांते यांची, आणि आजही तत्त्व तेच आहे.

नीट कारखान्यात आधी ॲसिड वेगळं काढून घेतात, त्याला न्यूट्रल करतात. मग बॅटरी बंद मशिनमध्ये फोडतात आणि तुकडे पाण्यात सोडतात. डब्याचं पॉलिप्रॉपिलीन वर तरंगतं, शिसं खाली बसतं. प्लास्टिकचे दाणे करून त्याचेच पुन्हा डबे होतात. लेपातलं सल्फर सोडा वापरून काढता येतं, मग फिरत्या भट्टीत कोळसा आणि लोखंडाचा चुरा घालून हजार अंशांच्या आसपास त्यातून शिसं काढतात. धूर सरळ चिमणीत जात नाही, आधी कापडी पिशव्यांच्या मोठ्या फिल्टरमधून जातो, आणि त्या पिशव्यांत साठलेली धूळ पुन्हा भट्टीत घालतात कारण त्यातही शिसंच असतं. उरलेली मळी घातक कचरा म्हणून वेगळ्या जागी जाते.

आता लोकांना वाटतं शिसं तर ३२७ अंशालाच वितळतं, साध्या चुलीवरही होईल. हो, जाळीचं शिसं वितळतं. पण लेपातलं शिसं काढायला खूप जास्त उष्णता लागते, आणि उघड्या भट्टीवर तेवढं तापवलं की बारीक धूळ आणि धूर हवेत जातो, आजूबाजूच्या मातीवर, पत्र्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो. जे निघत नाही ते मळीत राहतं आणि ती मळी तिथेच बाजूला फेकली जाते. म्हणजे त्या भट्टीवाल्याचं शिसंही वाया जातं आणि जमीनही जाते. मला यातलं सगळ्यात जास्त हेच खुपतं, की ज्या वस्तूतलं जवळपास सगळं परत मिळवता येतं, ज्याचं तंत्र इतकं जुनं आणि पक्कं आहे, तीच वस्तू आपण विष पसरवायला वापरतो.

शिवडीची_डॉक्टर:
तळोजा_शिफ्ट यांनी धुळीचं लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे, मी लहान मुलांची डॉक्टर आहे म्हणून पुढचं लिहिते.

शरीराला शिसं कॅल्शियमसारखं वाटतं. ते हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं हळूहळू रक्तात येत राहतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं जेवढं अंगात मुरतं त्याच्या चार-पाच पट लहान मुलांच्या अंगात मुरतं, आणि मूल रांगतं, हात तोंडात घालतं, म्हणजे माती आणि धूळ त्याच्या पोटात जास्त जाते. ज्यांच्यात लोह आणि कॅल्शियम कमी त्यांच्यात अजून जास्त, म्हणजे गरीब वस्तीतली मुलं दोन्हीकडून सापडतात. पोटात कळा, रक्त कमी होणं, चिडचिड, अभ्यासात मागे पडणं, ही लक्षणं इतकी साधी आहेत की शिशाचा संशय कोणाला येतच नाही. रक्तातलं शिसं मोजायची वेगळी तपासणी आहे, ती सांगितल्याशिवाय होत नाही. औषधाने रक्तातलं प्रमाण खाली आणता येतं, पण मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट म्हणते की शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही.

२०२० मध्ये युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणाऱ्या प्युअर अर्थ या संस्थेचा अहवाल आला होता, जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात एका डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचा अंदाज त्यात आहे, आणि त्यातली साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली. कारणांमध्ये अशा बिननोंदणीच्या बॅटरी भट्ट्या ठळकपणे आहेत. सेनेगलमध्ये डकारजवळच्या थियारोय-सुर-मेर वस्तीत २००७-०८ मध्ये १८ लहान मुलं दगावली, तिथे लोक बॅटऱ्यांच्या कामाची जुनी माती चाळून त्यातलं शिसं विकत होते. आईबाप पोटासाठी माती चाळत होते आणि मुलं शेजारी खेळत होती.

आपल्याकडे २००० साली पेट्रोलमधलं शिसं बंद केलं, तो फार चांगला निर्णय होता. बॅटरीचं मात्र आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे म्हणून इतकं लिहिलं.

नव्वद_फूट_रोड:
वाचतोय सगळं. एक बाजू मांडायची आहे आणि जरा मनापासून मांडायची आहे. माझ्या वडिलांचं धारावीत भंगाराचं दुकान होतं, मी त्यावर शिकलो. इथे भंगारवाला भंगारवाला म्हणून जे चाललंय त्यात तो गुन्हेगार असल्यासारखा सूर येतोय. या शहराचं प्लास्टिक, पत्रा, पुठ्ठा, तांब्याची वायर हे सगळं त्याच्यामुळे परत वापरात येतं, महापालिकेच्या सुक्या कचऱ्याच्या केंद्रांच्या कितीतरी आधीपासून. बॅटरी फोडणारा पोरगा काही हौसेने फोडत नाही, त्याला दिवसाची मजुरी मिळते आणि त्याच्या फुफ्फुसाचं काय होतं ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं. दुकानात द्या, डीलरला द्या म्हणणं सोपं आहे, पण सगळ्यांनी तसं केलं तर याच्या पोटाचं काय?

शिवडीची_डॉक्टर:
नव्वद_फूट_रोड, तुमचं म्हणणं मला पटतं, पण ज्या पोराबद्दल तुम्ही लिहिलंत त्याच्याच घरी कपड्यांवरून ही धूळ जाते. भट्टीवरून आलेला माणूस तेच कपडे घालून मुलाला उचलून घेतो. त्याची मजुरी वाचवताना त्याचं मूल आपण जोखमीत घालतोय, हे मला मान्य करता येत नाही.

तळोजा_शिफ्ट:
मला वाटतं गोळा करणं आणि फोडणं ही दोन कामं वेगळी धरली पाहिजेत. दारोदार फिरून बॅटरी उचलणं हे भंगारवाल्याइतकं चांगलं कोणालाच जमत नाही, ते त्याच्याकडेच राहू दे. अख्खी, उभी, ॲसिडसकट बॅटरी त्याने नोंदणी असलेल्या रिसायकलरच्या माणसाला द्यावी आणि त्याला त्यात त्याचं मार्जिन मिळावं. २२ ऑगस्ट २०२२ ला बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नवीन नियम आले, त्याआधी २००१ चे होते पण ते फक्त शिशाच्या बॅटऱ्यांपुरते. आता सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या त्यात आल्या, मोबाईलची, गाडीची, इलेक्ट्रिक गाडीची, कारखान्यातली. बॅटरी बनवणारी किंवा आयात करणारी कंपनी जबाबदार, तिने ठरवून दिलेल्या प्रमाणात माल परत गोळा करून रिसायकल झाल्याचं दाखवायचं. जमिनीत पुरायला आणि जाळायला बंदी आहे. आणि ग्राहकावरही जबाबदारी आहे, बॅटरी घरच्या कचऱ्यात मिसळायची नाही, गोळा करणाऱ्या किंवा रिसायकल करणाऱ्या संस्थेलाच द्यायची. बॅटरीवर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारलेलं चिन्ह असतं ते यासाठीच.

कंपनीला माल दाखवायची सक्ती आहे म्हणजे तिलाही तो माल हवाच आहे. मग तिने भंगारवाल्याला बाजूला का टाकावं, त्याला रीतसर भाव देऊन जोडून घ्यावं. हे होत नाही कारण उघड्या भट्टीवर कारवाई होत नाही. ती बंद झाली की तो जास्तीचा भाव आपोआप संपेल आणि मग भंगारवाला सरळ रस्त्याने माल देईल.

नव्वद_फूट_रोड:
हे मान्य. गोळा करणं आमचं, फोडणं कारखान्याचं. असं कोणी येऊन सांगितलं असतं तर वडिलांनी नक्की केलं असतं, त्यांना ॲसिडच्या कामाची भीतीच वाटायची.

सेक्रेटरी_मुलुंड:
आमच्या सोसायटीत वेगळाच प्रश्न आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती आठवतंय का, त्यानंतर घरून काम करणाऱ्या बऱ्याच जणांनी इन्व्हर्टर आणि यूपीएस घेतले, त्यांच्या बॅटऱ्या आता एकेक करून मरतायत आणि लोक त्या जिन्याखाली आणून ठेवतात. शिवाय सोसायटीत दोन-तीन इलेक्ट्रिक स्कूटर आहेत, एकाने जुनी काढलेली लिथियमची बॅटरी मीटर रूममध्ये ठेवली होती, मी ती लगेच बाहेर काढायला लावली. २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा गेला, ते वाचल्यापासून मला झोप लागत नाही. लिथियम आणि शिशाची एकत्र ठेवली तर चालते का, आणि माहीमकरांच्या फुगलेल्या बॅटरीचं कोणीच सांगितलं नाही अजून.

तळोजा_शिफ्ट:
बरोबर, तेच राहिलं होतं. एकत्र ठेवू नका. शिशाच्या बॅटरीचा धोका ॲसिडचा, आणि चार्ज होताना निघणाऱ्या हायड्रोजनचा. लिथियमचा धोका आगीचा, आणि ती आग बॅटरीच्या आतून सुरू होते. आतला पातळ पडदा फाटला, दाबला गेला किंवा फार तापला की एक सेल पेटतो, त्याच्या उष्णतेने शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. म्हणून विझली असं वाटून पुन्हा पेटते. छोट्या अग्निशामक नळकांडीने ज्वाळा दबते पण आतली उष्णता जात नाही, त्याला भरपूर पाणी लागतं आणि ते काम फायर ब्रिगेडचं. तुम्ही माणसं बाहेर काढा, जिना मोकळा ठेवा आणि १०१ ला फोन करा. धूर विषारी असतो, बघायला जवळ जाऊ नका.

फुगलेली मोबाईलची बॅटरी, आत गॅस झालाय म्हणून फुगते. चार्ज करायची नाही, दाबून परत फोनमध्ये बसवायची नाही, टाचणीने भोक पाडून गॅस काढायचा तर अजिबात नाही. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, स्टीलच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, झाकण घट्ट लावू नका, उन्हात आणि गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका, आणि लवकरात लवकर द्या. बाकीच्या चांगल्या दिसणाऱ्या बॅटऱ्यांनाही चिकटपट्टी लावाच, कारण खोक्यात दोन टोकं एखाद्या किल्लीला लागली तरी शॉर्ट होतं. कचऱ्याच्या गाडीत हाच प्रॉब्लेम होतो, तिथे माल दाबतात, बॅटरी चेपली की आतल्या पुठ्ठ्याला आग.

माहीमकर, तुमच्या यादीत अजून एक बघा. डास मारायच्या रॅकेटमध्ये आणि स्वस्त इमर्जन्सी लाईटमध्ये बहुतेकदा छोटी सीलबंद शिशाची बॅटरी असते, म्हणजे ती गाडीच्या बॅटरीचीच बहीण. जुन्या ट्रिमरमध्ये, जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये निकेल-कॅडमियम सापडेल, कॅडमियम मूत्रपिंडाला फार वाईट. म्हणून सगळं एका ढिगात देऊ नका, शिशाच्या वेगळ्या पिशवीत आणि लिथियमच्या वेगळ्या.

गॅरेजवाला_साकीनाका:
बऱ्याच मोठ्या मोबाईल ब्रँडची अधिकृत सर्व्हिस सेंटर जुन्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक घेतात, आधी फोन करून विचारा. कुरिअरने पाठवायच्या भानगडीत पडू नका, लिथियम बॅटरी धोकादायक मालात धरतात.

विद्यार्थी_व्हीजेटीआय:
लिथियमच्या बॅटरीतून परत काय मिळतं? आणि बेस्टच्या इलेक्ट्रिक बस एवढ्या आल्यात, त्यांच्या बॅटऱ्या कुठे जाणार?

तळोजा_शिफ्ट:
लिथियमची बॅटरी आधी पूर्ण डिस्चार्ज करतात, मग ऑक्सिजन नसलेल्या वातावरणात कापतात. तांबं, ॲल्युमिनियम, प्लास्टिक वेगळं होतं आणि एक काळी भुकटी उरते, तिला आमच्याकडे ब्लॅक मास म्हणतात. त्यात ग्राफाइट, लिथियम, आणि प्रकाराप्रमाणे कोबाल्ट, निकेल, मँगनीज. ती ॲसिडमध्ये विरघळवून एकेक धातू वेगळा काढतात. नवीन नियमात यासाठी टक्केवारी ठरलेली आहे, मोबाईलसारख्या छोट्या आणि इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीतला ९० टक्के माल २०२६-२७ पासून परत मिळवलाच पाहिजे.

अडचण अशी आहे की लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या, ज्यांना एलएफपी म्हणतात, त्यात कोबाल्ट आणि निकेल नसतंच. त्या कमी पेट घेतात, जास्त टिकतात, म्हणून आता खूप गाड्यांत त्याच येतात, पण रिसायकलरला त्यातून मिळणारा पैसा कमी. शिशाच्या बॅटरीला गिऱ्हाईक आपोआप मिळतं, याला आपोआप मिळणार नाही, म्हणून इथे कायद्याची आणि सरकारी पैशांची गरज जास्त. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने अशा खनिजांच्या रिसायकलिंगसाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली ती मला योग्य वाटते, लिथियमसाठी आपण बाहेरच्या देशांवरच अवलंबून आहोत.

बसचं म्हणाल तर बेस्टच्या बहुतेक इलेक्ट्रिक बस भाड्याने घेतलेल्या आहेत, बस आणि बॅटरी दोन्ही ठेकेदाराची. बॅटरीची ताकद ७०-८० टक्क्यांवर आली की गाडीला ती कमी पडते पण मेली नसते, अशी बॅटरी इमारतीच्या बॅकअपला किंवा सोलरची वीज साठवायला अजून काही वर्षं चालते. कराराच्या कागदात ती शेवटी कोणत्या नोंदणीकृत रिसायकलरला जाणार हे लिहिलेलं असावं आणि लोकांना वाचता यावं असं मला वाटतं. तुम्ही कॉलेजमध्ये आहात, माहितीच्या अधिकारात विचारून बघा, चांगला प्रोजेक्ट होईल.

सेक्रेटरी_मुलुंड:
आम्ही ठरवलं, जिन्याखालच्या सगळ्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांसाठी एका डीलरला एकत्र बोलावतोय, नोंदणीचा कागद दाखवल्याशिवाय देणार नाही. एकेक बॅटरी पन्नास-साठ किलोची आहे, म्हाताऱ्या लोकांना ती उचलून नेणं शक्यच नाही. पण एक बॅटरी खालून ओली दिसतेय, लादीवर पांढरा डाग पडलाय. काय करू?

गॅरेजवाला_साकीनाका:
हात लावू नका, वॉचमनला पाणी मारायला सांगू नका, ते ॲसिड पसरत जाईल आणि गटारात उतरेल. रबरी हातमोजे आणि चष्मा घालून आधी सगळीकडे खाण्याचा सोडा टाका, फसफसेल, फसफसणं थांबेपर्यंत टाकत राहा. मग तो लगदा पुठ्ठ्याने गोळा करून जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा आणि बॅटरीबरोबर डीलरला द्या, त्यात शिसं असू शकतं. बॅटरी आडवी करायची नाही, उभीच प्लास्टिकच्या घमेल्यात ठेवा. मुलं जिन्याखाली खेळत असतील तर आत्ताच्या आत्ता तिथे दोरी बांधा.

माहीमकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. डीलरकडे जुनी दिली, बिलात वजावट लिहून घेतली. भंगारवाल्याला रविवारी भेटून डॉक्टरताईंनी लिहिलेलं कपड्यांचं आणि मुलांचं सांगितलं, त्याला दोन लहान मुली आहेत. तो बराच वेळ विचारत होता की अख्खी बॅटरी रीतसर घेणारा माणूस कोण, किती भाव देईल. नव्वद_फूट_रोड, तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर मला व्यनि (खाजगी मेसेज) करा, मी त्याच्याशी जोडून देतो.

नव्वद_फूट_रोड:
आहे एक जण, कुर्ल्यातला, कारखान्याच्या वतीने गोळा करतो, कागद पक्के आहेत. व्यनि केलाय.